न विचारता घेतलेलं माप

मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
दुपारची लाइट गेलेली असताना
लॅपटॉपच्या उरलेल्या एकतीस टक्क्यांत
मी दस्तगीरचाचांच्या दुकानाची वेबसाइट लिहिते आहे.

अडचण साधी आहे: तंबोरा उंच असतो.
मोबाइल उभा धरला तर खुंट्यांपासून भोपळ्यापर्यंत मावतो,
आडवा केला की मान कापली जाते,
आणि नौशादच्या काउंटरवरच्या मॉनिटरवर
नुसता भोपळाच दिसतो,
मंडईत ठेवल्यासारखा.

म्हणून चार ओळी लिहिल्या.
पान उघडलं की त्या आधी पडद्याला विचारतात:
रुंदी किती, उंची किती,
वरच्या-खालच्या पट्ट्या वजा जाता वापरायला उरते किती,
रंग किती खोल, उभा आहेस की आडवा.
पडदा सगळं सांगून टाकतो.
बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

"म्हणजे गिऱ्हाइकाला न विचारता?"
कानस थांबवून चाचा म्हणतात.
न विचारता.
"ते आमीपण करतो की.
बाई बसली की बघायचं, खांदा कुठं येतो,
बोट तारेला पोचतं का.
पट्टी काढली की माणूस ताठ बसतं,
माप चुकतं."

मग मी त्यांना टिंबांची गंमत सांगते.
फोन म्हणतो, मी तीनशे साठ टिंबं रुंद.
पण आणखी एक प्रश्न विचारा, तर कळतं,
त्याच्या एकेका टिंबाच्या पोटात
तीन रांगांत तीन-तीन, नऊ बारकी टिंबं बसलीत.
सांगतो एक, पेटतात नऊ.

चाचा काही बोलत नाहीत.
भिंतीला टेकलेला मर्दानी तंबोरा जवळ ओढतात,
घोडीवर, तारेखाली, सुताचा धागा सरकवतात
केसभर पुढं, केसभर मागं,
आणि खर्ज छेडतात.
"गंधार ऐकू येतो?"
येतो.
"दाखव कुठली तार."
पंचम, जोड, जोड, खर्ज.
गंधाराची तार नाहीच.

रात्री ब्राह्मणपुरीतल्या घरी नोंदी चाळते.
आठ दिवसांत दोनशे सात पडदे.
बहुतेक उभे, तळहातात मावणारे,
एक प्रचंड, कुणाच्या तरी दिवाणखान्यातला टीव्ही असावा,
आणि एक आठशे बाय सहाशे,
सोळा बिटांचे विटके रंग,
रोज पावणेदहाला येणारा.
असला पडदा आता किती जणांकडं उरला असेल?
नाव नाही, गाव नाही, तरी
चालीवरून ओळखावं तसा
तो मला ओळखू यायला लागलाय.
फक्त जनानी तंबोऱ्याचं पान उघडतो.
चार मिनिटं. मग बंद.

सकाळी चाचांना सांगितलं.
सांगायला नको होतं बहुधा.
"कुणाचा असंल?" नौशाद आतून.
शोधता येईल, मी म्हणाले,
अजून दोन-तीन मापं घेतली तर.

स्टेशनाकडून मालगाडी जाते आहे,
टांगलेल्या तारा आपोआप थोड्या बोलतात.
"नको," चाचा म्हणतात.
"खांदा बघितला ना? तेवढ्यात तंबोरा बसतो.
त्या माणसाला चित्र पुरं दिसतंय का, ते सांग."

मी हिशोब करते.
सहाशेतून पट्ट्या वजा, उरले साडेचारशे.
नाही चाचा.
खुंट्या वरच राहतात.
रोज चार मिनिटं ते माणूस
बिनमानेचा तंबोरा बघतंय.

"मग?"

मग नोंदी साठवणारी ओळ पुसली,
मोजणारी ठेवली,
आणि तिच्याखाली नवी अट लिहिली:
उंची पाचशेच्या आत असेल
तर तंबोरा आडवा निजवायचा,
मैफल उठल्यावर गवसणीत निजवतात तसा,
डावीकडं भोपळा, उजवीकडं खुंट्या,
आठशेत अख्खा.

आज पावणेदहाला मला काहीच कळणार नाही.

बॅटरी अकरा टक्के.
खर्ज उतरलाय म्हणत चाचा
पुन्हा धागा शोधतात.